कासवाच्या मनगटावरचा हार

"दोनशे चाळीस ग्रॅम."

"कशाचे?"

"हाराचे, सर. सकाळी दादरला फुलबाजारात गेले होते. तस्साच बनवून घेतला. झेंडू, मध्ये आंब्याची पानं, खाली शेवंतीचा गोंडा. काट्यावर ठेवला. दोनशे चाळीस."

"मग? माझ्या गळ्यात घालायला आणलास?"

"टाळू नका ना, सर. लॉगमध्ये मनगटाचं शून्य किती सरकलंय बघा. दोनशे त्रेचाळीस. तीन ग्रॅमवरून काय भांडायचं असेल ते भांडा."

"योगायोग."

"तुम्ही म्हणताय? पहिल्या दिवशी मला कोण म्हणालं होतं, मशीनमध्ये योगायोग नसतो, आळस असतो म्हणून?"

"आवाज खाली. वर विक्रांत बसलाय."

"बसू दे."

"आणि चालू कोणी केलं? बटण कोणी दाबलं?"

"मी."

"मग झालं तर."

"तुम्ही 'दाब' म्हणालात म्हणून! मी विचारलं होतं, हार काढू का आधी. काय म्हणालात? 'देवाच्या अंगावरची फुलं अशी ओरबाडतात का?' हेच म्हणालात."

खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढून अच्युत वायंगणकरांनी तिच्या टोकाने अंगठ्याचं नख साफ करायला घेतलं. बोलायचं नसलं की ते हेच करत.

हे चाललं होतं लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या तळमजल्याच्या गाळ्यात, दसऱ्यानंतरच्या गुरुवारी, ऑक्टोबरच्या भर दुपारी. वायंगणकर एकोणसाठ वर्षांचे, कंपनीतले सगळ्यात जुने डिझायनर. ओवी सबनीस सव्वीस वर्षांची, सॉफ्टवेअर लिहिणारी, तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आलेली. आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर भांडणाचं कारण पसरलं होतं. गुडघ्याएवढं उंच, दोन माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढं ऐसपैस, खाली आठ चाकं, पाठीवर घडी घालून ठेवलेला लांब हात. कागदोपत्री त्याला भलंमोठं नाव होतं. गाळ्यात सगळे कासव म्हणत.

कासवाचं गिऱ्हाईक दक्षिणेतली एक खासगी कंपनी होती. ती पंख असलेलं एक छोटं अंतराळयान बांधत होती, वर जाऊन परत विमानासारखं उतरणारं. उतरताना यानाचं पोट भट्टीसारखं तापतं, म्हणून पोटाला खालून काळ्या फरशा चिकटवलेल्या. पाच हजारांच्या वर. हातात घेतली तर थर्माकोल वाटावा इतकी हलकी फरशी, आणि वरून काचेसारखा पातळ लेप. ही फरशी पाणी पिते. पाणी प्यायलेली फरशी वरच्या थंडीत तडकते. म्हणून यान जमिनीवर आलं की दर खेपेला प्रत्येक फरशीच्या बारक्या भोकातून पाणी न धरणारं औषध आत सोडायचं. माणसांनी करायचं तर मान वर, हात वर, तोंडावर मास्क, कारण औषध विषारी. महिना-महिना जातो आणि मानेचे मणके कामातून जातात ते वेगळंच. कासवाने यानाच्या पोटाखाली सरकत जायचं, एकेक फरशीचा फोटो काढायचा, हात उंच करायचा आणि टोचायचं.

त्या हाताचं मनगट वायंगणकरांनी आखलेलं. "बाळाच्या टाळूला तेल लावताना बोट कसं टेकतं? तेवढंच टेकलं पाहिजे," असं ते नव्या पोरांना सांगत. आकड्यात, तीनशे ग्रॅम. तेवढा दाब लागला की हाताने थांबायचं. चारशेच्या पुढे लेपाला चीर जायचा धोका.

सोमवारी चाचणी झाली. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या चौसष्ट फरशा छताला उलट्या टांगल्या होत्या. कासवाने त्या पावणेदोन तासांत संपवल्या. टाळ्या झाल्या, कंपनीचा मालक विक्रांत, त्याने पेढे आणले. बुधवारी गिऱ्हाइकाचा फोन आला. भिंगाखाली एकोणीस फरशांच्या लेपावर केसाएवढ्या चिरा होत्या.

"परत सांगते," ओवी म्हणाली. आता तिचा आवाज खरंच खाली आला होता. "हार मनगटाला खाली ओढत होता. फरशी पण टेकल्यावर हाताला खालीच ढकलते. चालू करताना हाताला वाटलं, एवढं ओझं म्हणजे काहीच नाही, हेच शून्य. मग तुम्ही हार काढलात. हात तीनशेला थांबला असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात तो पाचशे चाळीसने दाबत होता. चौसष्ट वेळा."

"मला शिकवू नकोस."

"सोमवारी सकाळी मी काटा लावून तपासणार होते. तेव्हा पण तुम्हीच. 'दसऱ्याचं चालू झालेलं यंत्र आहे, चाचणी होईस्तोवर बंद करायचं नाही, मध्ये खोडा घालू नकोस.' घातला नाही खोडा. बसा आता."

खंडेनवमीला गाळ्यात दुपारीच पूजा उरकली होती. लेथ, ड्रिल, मिलिंग, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, लोक चारला पांगले. कासवाची पूजा वायंगणकरांनी मागे ठेवली होती. स्वतः आखलेल्या यंत्राला ते दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. सगळे गेल्यावर त्यांनी केरोसीनच्या फडक्याने चाकं पुसली, एकेक बोल्ट पाना लावून पाहिला, मनगटावर हार चढवला, आणि मग म्हणाले, "पूजा झाल्यावर यंत्र निजतं ठेवत नाहीत. दाब गं बटण." तिथे ते दोघेच होते.

"अहवालात काय जाणार आहे, माहितीये ना?" ओवीने विचारलं. "विक्रांत सर सकाळी म्हणाले. 'सॉफ्टवेअरने शून्य चुकीचं धरलं.' म्हणजे मी. आणि त्या लोकांची यादी असते सर. ज्याच्या नावावर फरशी फुटली, त्याला यानाच्या हॉलमध्ये पाऊल टाकू देत नाहीत."

"माहितीये."

"जानेवारीत कासव तिथे जाणार. पास दोनच आहेत. मनगटाचा माणूस आणि सॉफ्टवेअरचा माणूस."

"माहितीये म्हटलं ना!"

ओवीच्या दादरच्या घरी, तिच्या पलंगावरच्या छताला काळ्या कागदाचे चौकोन चिकटवलेले होते. यानाच्या पोटाचा एक तुकडा, नंबरांसकट. त्याखाली उताणी पडून ती हिशेब लावायची, हात कुठून वळवायचा, कोणत्या फरशीवरून कोणत्या फरशीवर न्यायचा. आई म्हणायची, "लग्न ठरलं की सासरच्यांना सांगू, मुलीबरोबर छत पण येईल." तीन वर्षं ती त्या कागदांकडे बघत झोपली होती.

वायंगणकरांनी पट्टी खिशात ठेवली.

"उद्या मीटिंग आहे," ते म्हणाले. "मी सांगतो."

"काय?"

"जे झालं ते. हार मी घातला, चालू मी करायला लावलं. पण माझ्या तोंडून जाऊ दे. तू मध्ये पडू नकोस. सव्वीस वर्षांच्या पोरीने माझी चूक चव्हाट्यावर मांडायची, हे मला नाही जमायचं."

"नक्की सांगाल?"

"शब्द दिला. आता काय स्टँप पेपर आणू?"

ओवी हसली. कालच्या फोननंतर पहिल्यांदा. "नको. तुमचा शब्द चारशे ग्रॅमपर्यंत टिकतो."

*

वायंगणकरांचे वडील लालबागच्या एका गिरणीत टाइमकीपर होते, कोण किती वाजता आत आलं ते लिहिणारे. मुलाने लिहिणारा होऊ नये, करणारा व्हावं, अशी त्यांची इच्छा. मुलगा डिप्लोमा करून करणारा झाला. बाटल्यांना बूच लावणारं यंत्र, गोळ्या मोजणारं यंत्र, साबणाच्या वड्या कापणारं यंत्र. त्यांनी आखलेलं प्रत्येक यंत्र लाकडी खोक्यात बसून परगावी गेलं. बसवायला फिटर जात, चालवून दाखवायला सेल्सवाले जात. आखणारा माणूस मुंबईत पुढचा कागद घेऊन बसलेला. बूच लावणारं यंत्र वापीत नीट चालतंय, हे त्यांना चार वर्षांनी कळलं, तेही सुटा भाग मागवणाऱ्या पत्रावरून. छत्तीस वर्षांच्या नोकरीत आपलं यंत्र त्याच्या खऱ्या जागी खरं काम करताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. जानेवारीचा हॉल सोडला तर पुढे काही नव्हतं.

काळाचौकीत जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर ते राहत. गुरुवारी संध्याकाळी ते घरी आले तेव्हा त्यांची बायको उर्मिला कोलंबी सोलत बसली होती. ती महापालिकेच्या शाळेत तीस वर्षं शिक्षिका होती. निवृत्त झाली तरी समोरच्याला उभं करून प्रश्न विचारायची सवय गेली नव्हती.

"तोंड का असं? चिरा कोणाच्या ते सापडलं?"

"सापडलं."

"कोणाच्या?"

"माझ्या."

तिने कोलंबी ताटलीत टाकली. "बसा. नीट सांगा."

त्यांनी सांगितलं. हाराचं, वजनाचं, दिलेल्या शब्दाचं. ऐकून ती म्हणाली, "मग यात एवढं काय? उद्या सांगून टाका. हसतील थोडे. नोकरीतून काढून काढून काय काढणार, पाच महिने राहिलेत."

"हॉलमध्ये जाता येणार नाही."

"हं."

"नुसतं हं काय?"

"मग काय म्हणू? ती पोरगी तरी जाईल. तुम्ही नाही तर ती, तिथे तिसरा काय पर्याय आहे?"

वायंगणकर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खाली मंडळाच्या मंडपाचे बांबू अजून काढायचे राहिले होते.

"दगडू मेस्त्री आठवतात तुला?" त्यांनी विचारलं.

"आपल्या लग्नात आलेले. हाताला फडकं गुंडाळून बसले होते, जेवले डाव्या हाताने. त्यांचं काय?"

"ते फडकं माझ्यामुळे होतं."

उर्मिलाने हात धुतले आणि पदराला न पुसता तशीच उभी राहिली.

एकोणनव्वद साली ते लालबागच्या एका टूलरूममध्ये शिकाऊ होते. खंडेनवमीला प्रत्येक प्रेस उघडून, पुसून, बोल्ट आवळून मग पूजा करायची अशी तिथली रीत. तीन नंबरचा प्रेस दगडू मेस्त्रींचा, पण मेस्त्री सणाला गावी, म्हणून काम सगळ्यात लहान पोरावर आलं. अच्युत तेव्हा नुकताच पुस्तकं वाचू लागला होता. नारळाने प्रेस चालतो की तेलाने, असं सगळ्यांना विचारत फिरायचा. त्याने तीन नंबरला हात लावला नाही. फोरमनने विचारलं, "झाली पूजा?" तो म्हणाला, "झाली." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेस्त्री गावाहून आले, प्रेसला नमस्कार केला आणि कामाला बसले. साडेअकराला प्रेसची, बोटं आत जाऊ न देणारी जाळी सरकली. तीन बोटं गेली.

"जाळीचा एक बोल्ट ढिला होता," वायंगणकर म्हणाले. "मी पूजा केली असती तर पाना लागला असता. तेवढंच. देवबिव काही नाही यात. पाना लागला असता."

"आणि मेस्त्री काय म्हणाले?"

"हॉस्पिटलात बघायला गेलो तर मलाच समजावत होते. 'तू कित्याक रडतंस? पूजा तर केलली होतीस ना? मग माझोच नशीब.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"अजूनपर्यंत?"

"वारले ना ते. दोन हजार तीनमध्ये."

मग उर्मिलाने ताटली उचलली. "म्हणजे तेव्हा हार घातला नाही म्हणून खोटं बोललात," ती म्हणाली, "आणि आता घातला म्हणून बोलणार?"

"मी शब्द दिलाय गं तिला."

"तेच म्हणतेय. ती पोरगी मेस्त्रींसारखी समजूत काढत बसणार नाही तुमची." स्वयंपाकघराच्या दारात ती थांबली. "मला तीस वर्षं वर्गात हेच दिसलंय, अहो. काच कोणी फोडली म्हटलं की फोडणारा माझ्याकडे बघत नाही. ज्याचं नाव येणार त्याच्याकडे बघतो. उद्या कुठे बघायचं ते आत्ताच ठरवून जा."

रात्री ते कोलंबी भातात कालवत बसले. जेवले नाहीत.

*

शुक्रवारी अकराला वरच्या काचेच्या खोलीत मीटिंग भरली. विक्रांत धुरंधर शिवाजी पार्कवर सकाळी पळून येऊन तसाच बुटांत बसला होता. चाळिशीचा, हसतमुख, वायंगणकरांना 'काका' म्हणणारा. स्क्रीनवर गिऱ्हाइकाकडच्या मीनाक्षी राजाध्यक्ष, गुणवत्ता तपासणाऱ्या. त्या मूळच्या गिरगावच्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या.

मीटिंगच्या आधी जिन्यात विक्रांतने वायंगणकरांच्या खांद्यावर हात ठेवला होता. "काका, टेन्शन नको. मनगट एकदम ओके आहे, असं तुम्ही लिहून सही करा. बाकी सॉफ्टवेअर. एक ओळ बदलली की संपलं. ओवीला मी गोदामात आपोआप फिरणाऱ्या गाड्यांच्या कामावर घेतो, तिचं काही नुकसान नाही. जानेवारीत तुम्ही एकटेच जाल. राहायची सोय त्यांचीच आहे, हॉलच्या शेजारी. खिडकीतून यान दिसतं म्हणे."

"खिडकीतून?"

"म्हणे."

आता ओवी टेबलाच्या पलीकडे बसली होती. तिने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तिची वही बंद होती. शब्द दिल्यावर वहीची गरज नव्हती.

"मी लॉग पाहिला," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "एक तारखेला संध्याकाळी पाच वाजून बारा मिनिटांनी यंत्र चालू झालंय. तेव्हापासून सोमवारपर्यंत बंद नाही. शून्य तेव्हाच दोनशे त्रेचाळीस ग्रॅमने सरकलंय. सॉफ्टवेअर आपणहून एवढा घोळ करत नाही. मला एक साधं उत्तर हवंय. चालू केलं तेव्हा हातावर काही होतं का? एखादं हत्यार, केबल, फडकं, काहीही."

"तसं काही नसणार," विक्रांत म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं. मनगट कोणाचं? वायंगणकर ना? त्यांना विचारतेय."

ओवीने मान वर केली. चेहरा मोकळा होता. बस स्टॉपवर उभं असताना लांबून आपल्या नंबरची बस येताना दिसावी, तसा.

वायंगणकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना आठवलं, कुठे बघायचं नाही ते, आणि त्यांनी नजर स्क्रीनवर नेली. स्क्रीनवर मीनाक्षीबाईंच्या मागे एक काच होती. काचेपलीकडे पांढऱ्या उजेडात काहीतरी प्रचंड मोठं उभं होतं, नीट दिसत नव्हतं, फक्त खालच्या बाजूला काळं.

"नाही," ते म्हणाले.

"नक्की?"

"मी स्वतः पुसून, पाना लावून तपासलं होतं. हातावर काही नव्हतं."

किती सोपं निघालं ते. "झाली" म्हणण्याइतकंच.

मीनाक्षीबाईंनी काहीतरी लिहून घेतलं. विक्रांतने खुर्ची मागे सरकवली. "ओवी, तुला काही ॲड करायचंय?"

ओवी वायंगणकरांकडेच बघत होती. त्यांनी आता खिशातली पट्टी काढली होती. ती थांबली. ओवी त्यांना वेळ देतेय, हे फक्त त्यांना कळत होतं. एक शब्द टाकला असता तरी पुढचं सगळं तिने ओढून नेलं असतं.

"बटण मी दाबलं," ओवी शेवटी म्हणाली. "शून्य ज्या प्रोग्रॅमने धरलं तो मी लिहिला. चालू होताना हात मोकळा आहे की नाही हे तो तपासत नाही. तपासायला हवं होतं. ही माझी चूक आहे."

"बाकी काही?" मीनाक्षीबाईंनी विचारलं. त्यांचा प्रश्न अजून संपला नव्हता, हे आवाजातच होतं.

"माझ्या चुकीचं मी सांगितलं, मॅडम."

तिघांनी ते ऐकलं. त्यातल्या एकाला समजलं.

अहवाल दुपारी टाइप झाला. कारण: सॉफ्टवेअर. जबाबदार व्यक्ती: ओ. सबनीस. मनगट निर्दोष, खाली सही: अ. वायंगणकर. त्यांचं अक्षर सुंदर होतं, ड्रॉइंगवर नावं घालून घालून घटवलेलं.

घरी गेल्यावर उर्मिलाने काही विचारलं नाही. त्यांनी चपला काढल्या त्यावरूनच ती समजली. शनिवारी तिने त्यांच्याशी दूध, गॅस, लिफ्ट एवढ्याच विषयांवर बोलणं केलं. रविवारी तेही कमी झालं.

*

सोमवारी सकाळी ओवी आपलं सामान आवरत होती. गोदामाच्या गाड्यांचं काम पहिल्या मजल्यावर चालायचं. खोक्यात तिने कीबोर्ड ठेवला, केबल गुंडाळून ठेवल्या, पाण्याची बाटली ठेवली. गाळ्यातल्या बाकीच्यांनी शुक्रवारीच तिची समजूत काढून घेतली होती, "होतं गं असं, पहिल्या मोठ्या कामात होतंच." ती सगळ्यांना "हो ना" म्हणाली होती.

कासव मध्ये तसंच पडलं होतं. फरशा टांगायची रिकामी चौकट छताला लटकत होती.

वायंगणकर आले. नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"चहा घेणार?"

ओवीने केबलची दुसरी गुंडाळी बांधली.

"मी विक्रांतशी बोललोय," ते म्हणाले. "गाड्यांचं काम वाईट नाही. तिथे नाव होईल तुझं. तू लहान आहेस अजून. असे दहा हॉल बघशील. माझं... तुला कळतंय ना माझं? मार्चनंतर मला कोण विचारणार आहे?"

तिने ड्रॉवर उघडला. आत दोन पेनं आणि एक शिसपेन्सिल होती. शिसपेन्सिल त्यांची होती. ती तिने टेबलावर त्यांच्या बाजूला ठेवली.

"बोल ना काहीतरी. शिव्या दे. उर्मिलासुद्धा बोलत नाही माझ्याशी."

तिने दोन्ही पेनं खोक्यात टाकली.

"बरं, मी चुकलो. म्हणतोय ना मी. इथे म्हणतोय, तुझ्यासमोर." त्यांनी दाराकडे पाहून घेतलं. हितेंद्र, लेथवरचा ऑपरेटर, बाहेर सायकलच्या कुलपाशी खटपट करत होता, अजून आत आला नव्हता. आवाज आणखी खाली आणून ते म्हणाले, "तू पण तर तिथेच बसली होतीस. सांगायचं होतंस. कोणी तोंड धरलं होतं?"

ओवीचे हात थांबले. वायंगणकरांना वाटलं, आता. आता येणार. ते सावरून उभे राहिले, जवळजवळ आशेने.

तिने खोक्याचं झाकण लावलं आणि चिकटपट्टीचा तुकडा दाताने तोडला.

हितेंद्र आत आला, "गुड मॉर्निंग काका, मॉर्निंग मॅडम" म्हणाला आणि लेथकडे गेला. वायंगणकर काही वेळ कासवाकडे बघत राहिले. मग घसा साफ करून त्यांनी कामाच्या आवाजात विचारलं, जसं ते तीन वर्षं रोज विचारत आले होते:

"ओवी, जानेवारीत तिथे मी एकटाच असणार. मला त्यातलं काय कळतं? मनगटाच्या पलीकडे मला काय येतं? सुरू करताना आधी काय दाबायचं, मग काय, मध्येच अडकलं तर काय करायचं... एका कागदावर मला ओळीने लिहून देशील का? तुझ्या हातचं?"

ओवीने खोकं उचललं. जड होतं, म्हणून गुडघ्याचा आधार देऊन तिने ते वर घेतलं, कासवाला वळसा घातला आणि दाराबाहेर गेली.